कचरागाडीचा मागचा कॅमेरा धूसर होतोय

प्रश्न – चाकोरी:
गाड्यांना कॅमेरे, जीपीएस बसवलेत. मागचा कॅमेरा गाडी धुतली की धूसर होतो. शिवाय नकाशावर गाडी गल्लीतून गेलेली दिसते, पण डबा उचलला का ते कळत नाही. काय करावं?

वायरिंगवाला:
प्रेशरने धुता ना? मग कॅमेऱ्याला आयपी६७ (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) पुरत नाही, ते पाण्यात बुडण्यापुरतं. गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याला आयपी६९के लागतं. पण आधी कनेक्टर उघडून बघा, पाणी तिथूनही शिरतं. डब्यासाठी, डबा उचलणाऱ्या लिफ्टच्या सेन्सरची वायर रेकॉर्डरच्या इनपुटला जोडा. लिफ्ट वर गेली की वेळ, जागा आणि चित्रण एकत्र नोंदलं जातं. डब्यांवर आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी वाचता येणारी ओळखचिठ्ठी) असतील तर कुठला डबा हेही कळतं. आणि रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) घाला, हादऱ्यांत तीच टिकते.

मागची पायरी:
मी मागे उभा राहून काम केलंय. मागच्या कॅमेऱ्याचा स्क्रीन ड्रायव्हरसमोर हवाच! गाडीच्या अगदी मागचा माणूस आरशात दिसत नाही. ऑफिसात नंतर चित्रण बघून त्याचा जीव वाचत नाही.

चाकोरी:
कनेक्टरमध्ये हिरवा गंज निघाला. बदलतोय. स्क्रीनही लावून घेतो.