विषय: ग्रंथालय निधी-जेवण: दीडशे ताटांची मासळी घाऊक कुठून घ्यायची?

प्रेषक: सचिव

सप्रेम नमस्कार मंडळी,

ग्रंथालयाच्या छपरासाठी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी जेवण करायचं, हे बैठकीत ठरलंच आहे. पुरणपोळी झाली, मिसळ झाली, आणि तिकिटं घेणारे तेच ते चेहरे. यंदा मासळी ठेवली तर कारेलीबाग-मांजलपूरची तरुण मंडळी येतील, असं त्यांचंच म्हणणं. सामिष शिजवू देणारी वाडी (समारंभाचं कार्यालय) मिळाली आहे; बडोद्यात हे अर्धं काम झालं म्हणायचं. आता प्रश्न भावाचा. तिकीट 400 रुपयांच्या वर नेलं तर कुणी फिरकणार नाही. ताटं 150. कुणाची घाऊकवाल्याशी ओळख आहे का?

– सचिव

---

प्रेषक: बंडू

काका, कशाला एवढा खटाटोप? फ्रोझन कोळंबी घ्या. सोललेली, धुतलेली, पिशवी फोडली की कढईत. हॉटेलवाले हेच वापरतात. नाहीतर सरळ पापलेट ठेवा, तिकीट 700 करा. खाणारे देतील.

---

प्रेषक: माई, खजिनदार

बंडू, 700 तू देशील, तुझे तीन मित्र देतील. पुढे?

मी खात नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा माझा आक्षेप चवीवर नाही. पुरणपोळी उरली तर दुसऱ्या दिवशी वाटता येते. मासळी उरली तर काय करायचं, ते मला कुणीतरी सांगा. आणि किलोचा भाव सांगू नका, एका ताटाला किती पडेल ते सांगा. मागच्या वेळी कॅटररने किलोने बोलून ताटाने बिल लावलं होतं.

– माई

---

प्रेषक: अप्पा

माईंनी नेमकं बोट ठेवलं. मासळी किलोने घेतात आणि तुकड्याने खातात, सगळा घोळ त्यातच आहे. (घोळ म्हणजे तो मासा नव्हे. 2023 साली महाराष्ट्राने पापलेटाला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी गुजरातने घोळीला. आपण दोन्ही राज्यांचे, आणि आपल्याला परवडत दोन्ही नाहीत.)

सुरमईच्या डोक्या-शेपटीत आणि पोटात वजनाचा तिसरा हिस्सा सहज जातो. भाव मात्र सबंध माशाचा. पापलेटात वाया फारसं जात नाही, पण त्याच्या दराचं बोलायलाच नको. बांगडा स्वस्त, किलोला पाच-सहा, माणशी एक वाढला की हिशेब संपला. मी बांगड्यालाच मत दिलं असतं. पण बांगडा आणि सुरमई या जातीच्या माशांना वाटेत ऊन लागलं की मांसात हिस्टामिन तयार होतं, आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर पित्तासारखं उठतं. घरी चार माणसांसाठी आपण निवडून घेतो. दीडशेंसाठी कुठल्या पेटीत कुठला मासा किती वेळ बर्फाविना राहिला, हे कोण बघणार?

म्हणून माझं म्हणणं एकच: कोळंबी, आणि तीही समुद्राची नव्हे, तलावाची. सुरतजवळच्या ओलपाडचे आणि नवसारीकडचे झिंगा तलाव तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. तिथे वनामी कोळंबी पिकते. ही मूळची प्रशांत महासागराच्या अमेरिकेकडच्या किनाऱ्याची; आपल्याकडे 2009 पासून तिच्या शेतीला परवानगी मिळाली. पीक तीन-चार महिन्यांचं. ज्या दिवशी तलाव काढतात त्या दिवशी माल एकदम निघतो. मोठ्या नगांना निर्यातवाले गिऱ्हाईक असतात, आणि आपल्याला मोठे नग नकोच आहेत.

इथे काउंट समजून घ्या. 30 काउंट म्हणजे किलोला 30 नग, 70 म्हणजे 70. आकडा चढतो तसा नग लहान आणि भाव कमी. तळून एकेक वाढायची तर मोठी लागते. आपण कोळंबी-भात आणि कालवण करणार, त्यात 60-70 चा नग उत्तम. उलट ताटात जास्त नग दिसतात, माणूस खूश.

आता ताट. माणशी 100 ग्रॅम सोललेली धरली तर 150 जणांना 15 किलो. डोकं, साल, पाठीतला काळा धागा काढल्यावर सबंध मालातून निम्म्याच्या थोडं वर हाती येतं, म्हणून 30 किलो घ्यायची. माई, तलावावर जो भाव मिळेल त्याला 30 ने गुणा, बर्फ आणि टेम्पो मिळवा, 150 ने भागा. डोकी-सालं टाकू नका. उकळून गाळलं की भाताचं आधण होतं. कालवणाला नारळ कमी लागेल.

बंडू, पिशवीतल्या कोळंबीवर बर्फाचा थर चढवलेला असतो, त्याला ग्लेझ म्हणतात. थोडा लागतोच, नाहीतर माल सुकतो. पण घेताना पिशवीवरचं निव्वळ वजन ग्लेझ वगळून आहे का ते वाच, आणि एक पिशवी वितळवून, निथळवून काट्यावर ठेव. मग सांग स्वस्त पडली का.

बर्फ: जेवढा माल तेवढा बर्फ, फोडलेला. थर्मोकोलच्या पेटीत खाली बर्फ, मग कोळंबी, वर पुन्हा बर्फ, आणि तळाशी पाणी निघायला भोक. कोळंबी वितळलेल्या पाण्यात पोहत आली तर चव गेली. पेट्या पहाटे भरल्या तर दुपारच्या आत माल बडोद्यात येतो. तलाव नेमका कधी काढतील ते मालकाच्या हाती असतं, म्हणून दोन ठिकाणी बोलून ठेवावं लागेल.

शेवटचं, बोंबलाबद्दल, कारण कुणीतरी काढणारच. ओला बोंबील डोल जाळ्यात मिळतो. ती जाळी एका जागी खुंटवलेली, भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतात. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बोंबील भरपूर, अष्टमीच्या भांगात, म्हणजे भरतीचा जोर ओसरलेला असतो तेव्हा, कमी. दिवाळीनंतरचा दुसरा रविवार त्रिपुरी पौर्णिमेच्या जवळपास पडला, तर बोंबील स्वस्त असायचा तेव्हाच. पण बोंबलाच्या अंगात बहुतेक पाणीच, दीडशे माणसांपर्यंत तो टिकत नाही. जाफराबादचा सुका बोंबील मात्र आणा. पाकिटं करून दारात विका. तो उरला तरी उरू दे, माईंच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

– अप्पा

---

प्रेषक: भाचा, मेलबर्न

अप्पामामा, इथल्या मंडळाच्या जेवणाला आम्ही बासा माशाचे फिले आणतो. काटा नाही, वास नाही, आठवडाभर आधी आणून फ्रीझरमध्ये. कुणी तक्रार केली नाही. कुणी दुसऱ्यांदा मागितलाही नाही.

---

प्रेषक: अप्पा

शेवटचं वाक्य बंडूने दोनदा वाचावं.

---

प्रेषक: माई, खजिनदार

अप्पा, हिशेब पटला. माझ्या अटी ऐका.

तिकिटं बुधवारपर्यंत बंद. जेवढी गेली तेवढ्यांचीच कोळंबी, दारात आयत्या वेळी आलेल्यांना वरण-भात. पंधरा-वीस शाकाहारी ताटं वेगळ्या चुलीवर, वेगळ्या डावाने. मी स्वतः तिथे उभी राहणार आहे. कॅटररचा एफएसएसएआय परवाना आधी बघायचा, फोटो नको, प्रत हवी.

पावत्यांचं आत्ताच सांगते, नंतर वाद नको. जेवणाच्या तिकिटावर देणगीची आयकर सवलत (80जी) मिळत नाही, त्या पैशाचं तुम्ही जेवलात. वेगळी देणगी दिली तर तिची पावती मिळेल, पण 2000 च्या वरची रोख दिली तर सवलत लागू होत नाही. चेक द्या किंवा यूपीआय करा.

आणि सुका बोंबील वाडीच्या आत उघडायचा नाही. ट्रस्टींनी कोळंबीला हो म्हटलंय, बोंबलाचं त्यांना कुणी विचारलेलं नाही.

– माई

---

प्रेषक: सचिव

मंडळी, ठरलं. कोळंबी-भात, कालवण, सोलकढी. शाकाहारी बाजूला मटकीची उसळ. रविवार पौर्णिमेवर येत असेल तर शनिवारी जेवण, कारण त्या दिवशी निम्मे लोक खाणार नाहीत. देवउठी झाल्यावर लग्नसराई सुरू होते, म्हणून वाडीचे पैसे मी उद्याच भरतो. अप्पा आणि बंडू तलाववाल्याला भेटायला जातील. बंडूची गाडी, अप्पांची जीभ.

आता खरी मदत. 30 किलो कोळंबी सोलायला आणि धागा काढायला किमान दहा माणसं लागतील. सोललेली लगेच बर्फावर जायला हवी, म्हणून एक जण फक्त परात-बर्फ बघेल. आतापर्यंत तीन नावं आली आहेत. तिघींच्याही मुलांनी कळवलंय की ते फक्त जेवायला येतील. त्यांची तिकिटं मी अजून दिलेली नाहीत.

– सचिव