घर ‘स्मार्ट’ करायचं का? वायरमन शनिवारपर्यंत उत्तर मागतोय

पोटमाळा

आमचा कोथरूडचा फ्लॅट १९९४ सालचा. सध्या वायरिंग नवं करतोय. भिंतींना झिऱ्या मारून झाल्यात, घरभर विटांची लाल धूळ आहे आणि आम्ही चौघं एका खोलीत राहतोय. काल वायरमनने विचारलं, “बोर्डात न्यूट्रल टाकू का? मोबाईलवरची बटणं लावायची असतील तर आत्ताच सांगा. गिलावा झाल्यावर मला बोलावू नका.”

माहीत नसलेल्यांसाठी: जुन्या घरांत दिव्याच्या बटणापर्यंत फक्त फेज (वीज आणणारी तार) येते, न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) परस्पर दिव्याला जाते. बोर्डात बसून फोनचं ऐकणाऱ्या स्मार्ट मॉड्यूलला मात्र दिवा बंद असतानाही स्वतः जागं राहायला थोडी वीज लागते, म्हणून बहुतेकांना बोर्डात न्यूट्रल हवी असते.

लेक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला पडदे, पंखे, कुलूप सगळंच फोनवर हवंय. बायको म्हणते, “कशाला?” आई ८१ वर्षांची, गुडघे गेलेत, रात्री उठली की चाचपडते. इंटिरियरवाल्याने तीन खोल्यांचं कोटेशन दिलंय एक लाख ऐंशी हजार.

माझा कल ‘नको’कडे आहे, आणि त्याला मेहुण्याचं घर कारणीभूत आहे. त्यांच्याकडे काचेची टच पॅनल आहेत, एका पाटीवर आठ ठिपके. रात्री दोनला बाथरूमचा दिवा लावायला गेलो आणि सासूबाईंच्या खोलीतला एसी सुरू केला. त्या शाल घेऊन बाहेर आल्या. पाहुण्याला ज्या घरात दिवा लावता येत नाही ते घर शहाणं कसं म्हणायचं? पण आईचा विचार आला की डळमळतो. तुमचं काय मत?

बटणवादी

डळमळू नका. आमच्या वाड्यातलं काळं टकटक बटण माझ्या जन्माआधीचं होतं आणि वाडा पाडला त्या दिवशीही चालत होतं.

इथे प्रश्न बिघाडाचा नाही, मालकीचा आहे. तुम्ही वस्तू विकत घेता, पण ती चालते दुसऱ्याच्या मर्जीवर. रिव्हॉल्व नावाचा एक हब होता, घरातली सगळी स्मार्ट यंत्रं एकत्र चालवणारा डबा. ती कंपनी २०१४ मध्ये गुगलच्या नेस्टने घेतली आणि २०१६ मध्ये सेवाच बंद केली, लोकांच्या घरात नुसता डबा उरला. अशीच स्मार्ट बटणं विकणारी इन्स्टिऑन एप्रिल २०२२ मध्ये बंद पडली, तेव्हा तर गिऱ्हाइकांना आधी कळवलंही नाही. नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटचा (घराचं तापमान सांभाळणाऱ्या यंत्राचा) आधार गुगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये काढून घेतला. भिंतीवर ते तापमान अजून बदलतात, फोनवरून नाही. म्हणजे ज्यासाठी जास्तीचे पैसे मोजले तेच गेलं.

वायरिंग तुम्ही तीस वर्षांसाठी करताय. या धंद्यातली कुठली कंपनी तीस वर्षांची हमी देते?

संधिवात_६७

बटणवादी, तुमची बोटं चालतात म्हणून तुम्हाला बटण प्रिय आहे.

मला संधिवात आहे. एकटी राहते. पंख्याचा जुना गोल रेग्युलेटर थंडीत सकाळी मला फिरवताच येत नाही, मनगटापासून सगळं आखडलेलं असतं. चार वर्षांपूर्वी भाचीने बोलून चालणारा डबा आणि तीन प्लग लावून दिले. आता मी पांघरुणातूनच दिवा लावते. तुम्हाला ही चैन वाटेल, मला ती सकाळची पहिली न दुखणारी गोष्ट आहे.

एक गंमत सांगते. माझ्या डब्यातली अलेक्सा २०१९ पासून हिंदी बोलते, आपली भाषा अजून नाही. त्यामुळे माझ्या घरात हिंदी फक्त तिच्याशी बोलली जाते. मी “दिवा लगाओ” म्हणते, मग चूक लक्षात येते, मग “बत्ती जलाओ”. शेजारीण म्हणते, तुमच्याकडे कुणी उत्तरेकडचं राहायला आलंय का?

पोटमाळा, आईंना काय हवंय ते विचारलंत का? तुमच्या पोस्टमध्ये चौघांपैकी तिघांची मतं आहेत. आईंचे फक्त गुडघे आहेत.

बटणवादी

ताई, तुमचं मान्य. गरज असलेल्याची गोष्टच वेगळी. पण एक लाख ऐंशी हजारांचं कोटेशन गरजेचं नसतं, ते पाहुण्यांना दाखवायचं असतं.

आणि तुमच्याच काळजीपोटी सांगतो. मुलांचे आवाज साठवून ठेवल्याच्या अलेक्साच्या प्रकरणात अ‍ॅमेझॉनने २०२३ मध्ये अमेरिकेत अडीच कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. त्याच सुमारास त्यांच्याच रिंग कॅमेऱ्यांचं प्रकरण मिटवायला ५८ लाख डॉलर. तिथे कर्मचारी लोकांच्या घरातली चित्रफीत बघू शकत होते, असा आरोप होता. मार्च २०२५ पासून काही अलेक्सा यंत्रांवर असलेली ‘माझा आवाज बाहेर पाठवू नका’ ही सोयही काढून टाकली. पांघरुणातलं बोलणं पांघरुणात राहत नाही.

संधिवात_६७

माझं पांघरुणातलं बोलणं म्हणजे “आई गं”. ऐकू देत.

दूरदेशी_सांगलीकर

मी न्यू जर्सीत, आईबाबा सांगलीत. २०१९ च्या पुरात दोन दिवस त्यांचा फोन लागला नाही. ते दोन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. पुढच्या भेटीत हॉलमध्ये कॅमेरा बसवला, दारावर व्हिडिओवाली बेल. रोज रात्री झोपण्यापूर्वी बघतो: तिकडे सकाळ झालेली असते, बाबा पेपर वाचत असतात, आई फुलं निवडत असते. कुणी याला पाळत म्हणा, माझ्यासाठी ती घरी डोकावून येणं आहे. परदेशात राहणाऱ्यांना हे लगेच कळेल.

ओटीवरची

सांगलीकर, दोन गोष्टी विचारते, राग मानू नका.

एक, पुरात वीज जाते. वीज गेली की राउटर जातो, राउटर गेला की कॅमेरा आंधळा. ज्या दोन दिवसांसाठी तुम्ही तो बसवलात, नेमका त्याच दोन दिवशी तो उपयोगाचा नाही.

दुसरी, तुमच्या आईबाबांकडे स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला कुणी येत असेल ना? त्यांना सांगितलंय का, की न्यू जर्सीतून कुणीतरी बघतंय? मी विचारते कारण माझ्याकडे येणाऱ्या मावशींनी एक घर याच कारणाने सोडलं. त्या घरात ओट्याच्या वर कॅमेरा होता. मावशी म्हणाल्या, “चोरी पकडायला लावला असता तर समजले असते. पण मी चहा किती वेळ पीत बसले ते ताईंनी ऑफिसातून फोन करून विचारलं.” कायद्याचा आधार शोधायला जाल तर तोही नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा माणसाने स्वतःच्या घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला लागूच होत नाही. थोडक्यात, मावशींनी जायचं कुठे?

दूरदेशी_सांगलीकर

राग नाही. पहिल्यावर उपाय केला आहे, राउटर आणि कॅमेरा इन्व्हर्टरवर घेतलेत. पुराला तेवढं पुरणार नाही हे कबूल.

दुसऱ्याबद्दल… लिहू की नको असं झालं होतं, लिहितो. सहाएक महिन्यांनी एकदा बघितलं तर पडद्यावर नुसता पांढरा रंग. वाटलं कॅमेरा बिघडला. फोन केला तर बाबा म्हणाले, “काही नाही, पंचा वाळत घातलाय.” हॉलमध्ये? पंख्याखाली लवकर वाळतो म्हणे. तेव्हापासून रोज दुपारी एक ते चार तो पंचा तिथे असतो. मी विचारत नाही, ते सांगत नाहीत. आई नंतर एकदा म्हणाली, दुपारी ते बनियन काढून जमिनीवर पडतात, त्यांना लाज वाटते.

कॅमेरा अजून आहे. पंचाही आहे.

बटणवादी

या पंच्याला माझा सलाम.

तारयंत्री

नाशिकला बावीस वर्षं वायरिंगची कामं घेतो. दोन्ही बाजूंचं ऐकलं, आता कामाचं बोलू.

पोटमाळा, न्यूट्रल डोळे मिटून टाका. झिऱ्या उघड्या आहेत, खर्च फक्त वायरचा. बोर्डाचे डबे मात्र खोल घ्या. उथळ डब्यात मॉड्यूल कोंबलं की वायरी दाबल्या जातात, मग गरम होतात, मग मला फोन येतो. बोर्डात न्यूट्रल असणं म्हणजे घर स्मार्ट होणं नव्हे, पुढच्या माणसाला भिंत फोडावी लागत नाही इतकंच.

गिझरला सहा अँपिअरचा स्मार्ट प्लग लावू नका. दोन किलोवॅटचा गिझर नऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. असे वितळलेले प्लग मी पिशवीभर जमवलेत. सोळा अँपिअरचाच घ्या.

काचेची टच पॅनल नको. ओला हात, पिठाचा हात, म्हातारा हात, तिन्हींना चालत नाहीत. साध्या बटणामागे बसणारं मॉड्यूल घ्या. वायफाय गेलं, कंपनी बुडाली, तरी बटण चालतं. बटणवादींची निम्मी तक्रार इथेच मिटते.

आता गिऱ्हाइकांचं. माझ्या अनुभवात ॲपचं कौतुक दोन-तीन महिने टिकतं. मग नवीन फोन येतो, पासवर्ड आठवत नाही, घर परत बटणावर. टिकतं काय? ज्यात फोन काढावा लागत नाही ते. जिन्यातला सेन्सरचा दिवा. टाकी भरली की मोटार बंद करणारा फ्लोट. रिमोटवाला बीएलडीसी पंखा, जो साध्या पंख्याच्या ७५ वॅटच्या जागी २८ ते ३५ वॅट खातो. हे लावून घेताना कुणी विचारत नाही की हे स्मार्ट आहे का. ‘आम्हाला असलं काही नको’ म्हणणाऱ्या घरातसुद्धा गच्चीवर फ्लोट असतो.

ओटीवरची

सोसायटीत फ्लोट बसायच्या आधी पहाटे पाचला “मोटाऽऽर!” अशी हाक यायची. त्या हाकेची आठवण येते असं मी म्हणणार नाही.

युनिटमोजणी

कुणीच मीटरचा विषय काढला नाही? प्रीपेड स्मार्ट मीटरवरून राज्यात एवढा गदारोळ झाला, जून २०२४ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना ते लावणार नाही असं सरकारला जाहीर करावं लागलं. मग पोस्टपेड टीओडी मीटर आले, म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे वीज मोजणारे. १ जुलै २०२५ पासून हे मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली. म्हणजे कधी वीज वापरता याला आता किंमत आली. वॉशिंग मशीन, गिझर, मोटार स्मार्ट प्लगवर टाका, दुपारी आपोआप चालू. लोक मीटरला शिव्या देतात आणि त्यातून मिळणारं घेत नाहीत.

बटणवादी

हिशेबच करू. मशीनला रोज एक युनिट धरा, तेही जास्तच. सवलत नव्वद पैसे. महिन्याला सत्तावीस रुपये. प्लग हजाराचा. तीन वर्षं झाल्यावर प्लग फिटणार, तोवर तो जिवंत असला तर. शिवाय बऱ्याच मशीनना ‘उशिरा सुरू’चं बटण आधीपासूनच असतं, त्यावर फक्त धूळ असते.

आणि दुपारी तापवलेल्या पाण्याने आंघोळ कुणी करायची?

युनिटमोजणी

मी करतो, संध्याकाळी, दुकानातून आल्यावर. टाकीचा गिझर आहे, बऱ्यापैकी गरम राहतं. सगळे सकाळी सातलाच आंघोळ करतात हा नोकरदारांचा गैरसमज आहे.

मशीनचं मान्य. पण लोकांचा नकार पैशाचा नाहीच, अविश्वासाचा आहे. माझ्या गल्लीत मीटर बदलायला माणूस आला तेव्हा एका काकूंनी दार उघडलं नाही. का? “तो आमचं सगळं बघेल.” त्याच काकूंच्या टीव्हीला कॅमेरा आहे.

लेक_इथे_आहे

बाबांनी धागा टाकलाय हे मला आत्ता कळलं. मी ती इंजिनिअरिंगवाली.

पडदे मी सोडले. पण सगळे कंपनी बुडण्याची भीती घालताय म्हणून: आता मॅटर नावाचं सामायिक मानक आहे, २०२२ पासून. त्यात बसणारी यंत्रं वेगवेगळ्या कंपन्यांची असली तरी एकमेकांशी बोलतात, आणि घरातल्या घरात, बाहेरच्या सर्व्हरवाचून चालू शकतात. २०२५ च्या दिवाळीत, २० ऑक्टोबरला, अ‍ॅमेझॉनची व्हर्जिनियातली यंत्रणा कोलमडली आणि जगभर अलेक्सा नि रिंग अडकून पडल्या. घरातल्या घरात चालणाऱ्यांना फरक पडला नाही. त्यामुळे ‘नको’ म्हणण्याऐवजी ‘बाहेर न जाणारं हवं’ म्हणा ना.

आणि बाबा, मामाकडचा एसी तुम्ही सुरू केलात, पॅनलने नाही.

पोटमाळा

घरातलं भांडण इथे आणू नये हा नियम मीच मोडला, आता भोगतो.

संधिवात ताई, तुमचं ‘आईंचे फक्त गुडघे आहेत’ लागलं. काल रात्री आईला विचारलं. तिने सगळं ऐकून घेतलं, डब्याशी बोलायचं, फोनवर दाबायचं, सेन्सरचं. मग म्हणाली, “मला अंधारात कुणाशी बोलायचं नाही. बटण खाली घ्या.” आमची बटणं साडेचार फुटांवर आहेत. तिला पलंगाजवळ, हात लोंबतो त्या उंचीवर एक हवंय, आत बारीक लाल दिवा असलेलं. बाथरूमच्या वाटेवर सेन्सरचा दिवा चालेल म्हणाली, “पण मांजर गेलं तर लागायला नको.”

तर: न्यूट्रल सगळीकडे, डबे खोल, गिझरला सोळा अँपिअर, वाटेत सेन्सर. पॅनल नाही, कॅमेरा नाही. लेकीच्या खोलीत तिने काय करायचं ते करावं, स्वतःच्या पैशाने. इंटिरियरवाल्याला अजून सांगितलेलं नाही.

तारयंत्री

सेन्सर खालच्या अंगाला झाकता येईल असा घ्या, मांजर सुटेल. आणि आईंचं बटण पलंगाच्या कुठल्या बाजूला घेणार? त्या कुठल्या कुशीवरून उठतात ते बघून झिरी मारायला सांगा. लोक नेहमी चुकीच्या बाजूला घेतात.

पोटमाळा

डाव्या. आत्ताच विचारून आलो. वायरमनने उजवीकडे खूण करून ठेवली होती.