मदत हवी आहे: सिंक तुंबतंय, प्लंबर म्हणतो फरशी फोडा

बेळगावात शहापूरला आमचं जुनं घर आहे. सहा वर्षांपूर्वी स्वयंपाकघर नवीन केलं, तेव्हा सिंक खिडकीखाली घेतलं आणि दीड इंची पीव्हीसी पाइप फरशीखालून परसातल्या चेंबरला जोडला. मधलं अंतर बारा-तेरा फूट. दिवाळीपर्यंत काही तक्रार नव्हती. थंडी पडल्यापासून सकाळी भांडी घासायला घेतली की सिंक काठोकाठ, वर चहापत्ती आणि भाताची शितं तरंगतायत. रात्रभरात उतरतं, सकाळी परत तेच.

आतापर्यंतचे उद्योग: रबरी पंप मारला. यूट्यूबवर बघून खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतलं, फेस बघायला मुलं जमली, पाणी काही हललं नाही. काल ड्रेन साफ करायची पावडर टाकली. शिवाय रोज झोपताना पातेलंभर उकळतं पाणी ओततेय. तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

प्लंबर आला, पाच मिनिटं वाकून बघितलं आणि म्हणाला, "ओडीबेक री." फोडायलाच पाहिजे म्हणे. त्या फरशा आता मिळत नाहीत हो! शेजारच्या काकू म्हणतात संडासाचं ॲसिड ओत. ओतू का? आणि सासूबाईंचं एकच पालुपद, "आमच्या मोरीचं पाणी कधी तुंबलं नव्हतं बघ."

प्रतिसाद १
ॲसिड अजिबात नको ताई. त्या पावडरींत बहुतेक कॉस्टिक सोडा असतो. तो पाइपात साचलेला असताना ॲसिड पडलं तर एकदम तापून उसळी मारेल, थेट तोंडावर. आज पंपसुद्धा मारू नका, तेच पाणी डोळ्यात उडेल. पाणी आपोआप उतरू दे, मग दोन-तीनदा साधं पाणी सोडा. हातमोजे घालूनच.

प्रतिसाद २
खानापूरहून लिहितोय. दोन प्रश्न. सिंक भरलेलं असताना चेंबरचं झाकण उघडून बघितलंत का? आणि घरी लोणी कढवता का?

धागाकर्ती
चेंबर जवळजवळ कोरडं आहे. लोणी कढवते, आठवड्याला दोन किलो. तुम्हाला कसं कळलं?

प्रतिसाद २
थंडी आणि उकळतं पाणी म्हणालात म्हणून. आमच्याकडेही हेच झालं होतं. तूप ३५ अंशांच्या आसपास वितळतं. गरम पाण्याने ते निघून गेल्यासारखं वाटतं, पण जातं कुठे? फरशीखाली पाइप गार, तिथे परत थिजतं. म्हणजे रोज रात्री तुम्ही गाठ थोडी पुढे सरकवताय. शिवाय उकळतं पाणी पीव्हीसीला सोसत नाही, पाइप मऊ पडतो, सांधे ढिले होतात. सोडा-व्हिनेगर तर एकमेकांनाच मारून टाकतात, तुपाला हातही लावत नाहीत.

चेंबर कोरडं म्हणजे गाठ चेंबरच्या अलीकडे. किती अलीकडे, तेही काढता येतं. सकाळी पाणी पूर्ण उतरलेलं असताना लिटरच्या मापाने भराभर ओता आणि सिंकमध्ये पाणी दिसेपर्यंत मोजा. दीड इंची पाइपात मीटरला साधारण १ लिटर मावतं. सिंकखालच्या ट्रॅपचं (वास अडवणाऱ्या वाकड्या नळीचं) आणि उभ्या पाइपाचं मिळून एक लिटर वजा करा. आतून तूप चिकटलंय, त्यामुळे गाठ हिशोबापेक्षा थोडी पुढेच असेल.

आकडा छोटा आला तर खाली बादली ठेवून ट्रॅप खोला. मोठा आला तर हार्डवेअरच्या दुकानातून पाइप साफ करायची पंधरा-वीस फुटी स्प्रिंग आणा आणि चेंबरकडून घाला. नुसती ढकलू नका, फिरवत फिरवत घाला आणि ओढून बाहेर काढा. ढकलून गाठ घट्ट होते.

धागाकर्ती
चार लिटर! म्हणजे तीन मीटर, दहा फूट. चेंबरपासून हातभरच की. ह्यांनी रविवारी परसात चटई टाकून स्प्रिंग घातली, तीन फुटांच्या आतच अडकली. दहा मिनिटं फिरवून ओढली तर मेणबत्तीसारखे पांढरे लगदे, त्यात चहापत्ती, घासणीची तार आणि दोन चिंचोके. वास असा की मांजरसुद्धा भिंतीवरून उतरून गेलं. आता पाणी सरसर जातंय. फरशी वाचली. जाताना थोडं गुडगुडतं मात्र.

प्रतिसाद २
गुडगुड म्हणजे कडेला अजून चिकटलेलं आहे. आणखी एकदा स्प्रिंग फिरवा, मग बादलीभर कोमट पाणी साबण घालून एकदम सोडा. आणि बेरीचं पातेलं सिंकमध्ये न्यायचंच नाही. बेरी साखर घालून मुलांना द्या, त्याच पातेल्यात कणीक भिजवा. रश्श्याची तर्री आलेली भांडी आधी रद्दीच्या कागदाने पुसा. जाळी बारीक बसवा, चिंचोका अडला पाहिजे.

सासूबाईंचं खरं आहे. मोरीत भांडी राखेने घासायची, तूप राखेलाच चिकटायचं. आणि पाणी उघड्या पन्हळीतून अळवाला. तुंबलंच तर काठीने ढोसून मोकळं.

धागाकर्ती
वाचून दाखवलं. त्या आता चेंबरशेजारी अळू लावायचं म्हणतायत.