80 हजारांत फोटो एडिटिंगचा डेस्कटॉप : हे कोटेशन बरोबर आहे का? (नागपूर)

वऱ्हाडी_लेन्स :
मदत हवी आहे. काम लग्नाचे फोटो आणि 12×36 इंची अल्बमचं, लाइटरूम क्लासिक आणि फोटोशॉपवर. कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा, एका लग्नाच्या साधारण 3000 रॉ (कॅमेऱ्यातल्या कच्च्या) फाइली. बजेट मॉनिटर धरून 80 हजार, यूपीएस आणि हार्ड डिस्क वेगळी. सीताबर्डीवरच्या एका दुकानातलं कोटेशन असं : 12 व्या पिढीचा आय7 प्रोसेसर, 16 जीबी रॅम (एकच स्टिक), 512 जीबी एसएसडी, जीटी 710 ग्राफिक्स कार्ड, 24 इंची फुल एचडी मॉनिटर (रंगांची व्याप्ती 45% एनटीएससी), पॉवर सप्लाय कॅबिनेटसोबत फुकट. खोलीत एसी नाही, कूलर आहे. काय बदलू?

शालूचा_लाल :
सगळ्यात आधी मॉनिटर. 45% एनटीएससी म्हणजे एसआरजीबी या प्रमाण रंगसंचाच्या जेमतेम दोन-तृतीयांश रंग. शालूचा लाल आणि कुंकवाचा लाल त्यावर एकच दिसणार, मग तुम्ही सुधारणार काय? पेटीवर 99% एसआरजीबी किंवा निदान 72% एनटीएससी लिहिलेला आयपीएस पॅनेल घ्या. 27 इंची असेल तर 2560×1440 च. 27 वर फुल एचडी घेतलं तर शार्पनिंगचा अंदाज चुकतो. बजेटचा पाव हिस्सा इथे गेला तरी हरकत नाही.

आणि आणल्या आणल्या ब्राइटनेस उतरवा. नवा मॉनिटर 250-300 कँडेलावर (उजेडाचं माप) भगभगत असतो. त्यावर बरोबर दिसलेला फोटो प्रिंटच्या लॅबमधून काळपट येतो आणि बोल लॅबवाल्याला बसतो. 100 ते 120 ठेवा. कॅलिब्रेटर (मॉनिटरचे रंग मोजून नीट करणारं यंत्र) चौघांत मिळून एक घेतला तरी पुरतो.

रॉ_फाइल :
मॉनिटरचं पटलं. आता डबा, म्हणजे सीपीयू. आय7 सोडा, आय5-12400 घ्या आणि वाचलेले पैसे रॅम-एसएसडीत घाला. 12×36 चं एक पान 300 डीपीआयला 10800×3600 पिक्सेल होतं. 8 बिटमध्ये एक भरलेला लेयर साधारण 117 एमबी, 16 बिटमध्ये दुप्पट. दहा लेयर आणि हिस्टरी धरा, वर लाइटरूम उघडं. 16 जीबी तिथेच संपते, फोटोशॉप रॅमऐवजी स्क्रॅच डिस्कवर (डिस्कवरच्या तात्पुरत्या जागेवर) जातं आणि ब्रश अडखळायला लागतो. म्हणून 32 जीबी, तीही 16 च्या दोन स्टिक. एकच स्टिक लावली की ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन स्टिकचा एकत्र वेग, मिळत नाही.

एसएसडी 1 टीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची). कॅटलॉग, प्रिव्ह्यू आणि चालू काम तिच्यावरच. लाइटरूमच्या प्रेफरन्सेसमध्ये कॅमेरा रॉ कॅशे 5 जीबीवरून 30 करा. रॉ फाइल 28 एमबीची धरली तर एक लग्न म्हणजे 84 जीबी; जुनी कामं हार्ड डिस्कवर, आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर.

जीटी 710 लाइटरूमला वेग देण्याच्या कामाचंच नाही. काढायला सांगा.

वऱ्हाडी_लेन्स :
त्याच्याऐवजी 8 जीबीचं आरटीएक्स ग्राफिक्स कार्ड धरलं की 80 च्या वर जातंय. काय मागे ठेवू?

रॉ_फाइल :
कार्ड. फक्त 12400 घेताना नावापुढे 'एफ' नसलेला घ्या. एफमध्ये कार्डाशिवाय डिस्प्ले निघत नाही.

शालूचा_लाल :
थोडा मतभेद. रात्रीच्या वरातीचे आयएसओ 6400 चे फोटो लाइटरूमच्या एआय डीनॉइझमधून (दाणे घालवणारं फीचर) काढत असाल तर कार्ड आधी. त्याशिवाय एकेका फोटोला कित्येक मिनिटं लागतात. निवडक वीस-पंचवीसच करणार असाल तर थांबता येईल.

कूलरची_हवा :
भाऊ, फुकटचा पॉवर सप्लाय घेऊ नका. 550 वॉट, 80 प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचा दर्जा) असलेला घ्या, म्हणजे कार्ड पुढे लावता येईल. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा समोर जाळी आणि निघणारा धूळफिल्टर असलेलं कॅबिनेटच हवं. कूलरच्या झोतात ठेवू नका. ओल आणि धूळ मिळून पंख्यावर चिखलच बसतो. फिल्टर दर पंधरा दिवसांनी झाडा.

यूपीएस 1000 व्हीए / 600 वॉटचा. 600 व्हीएवाला साधारण 360 वॉटच देतो. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर मागचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे का बघा. साध्या मोडमध्ये बदलायला लागणाऱ्या वेळात पीसी रीस्टार्ट होतो, आणि नेमका एक्स्पोर्ट चालू असतो. जीएसटी नंबर असेल तर बिल त्याच नंबरावर घ्या, 18% चं क्रेडिट मिळतं.