ठाणे खाडी पंधरा मिनिटांवर, मुळं मात्र वहीतच

ऐरोलीकर:
मुलगी सातवीत आहे. परवा खारफुटीच्या श्वसनमुळांचं उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं. "पाहिलीस का गं कधी?" विचारलं, तर नाही. शाळेपासून ठाणे खाडी चालत पंधरा मिनिटं. इथे वनखात्याचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. चिखलातून सुयांसारखी वर आलेली मुळं दिसतात, तिवराच्या पानावरचं मीठ जिभेला लावून बघता येतं. पण वर्गात बाईंनी सांगितलं, मुलांनी उतरवून घेतलं, धडा संपला. ज्याला कळलं तो कंटाळतो, ज्याला नाही कळलं तो हात वर करत नाही. हे वर्ग मोडायलाच हवेत.

कोपरीच्या बाई:
22 वर्षं शिकवतेय, म्हणून राहवत नाही. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक लिहिलाय. माझ्या वर्गात 58 आहेत. त्यांना खाडीच्या चिखलात एकटीने सांभाळू? शिवाय जनगणना, निवडणूक या कामांना त्याच कायद्यात मुभा आहे, तीही आमच्या गळ्यात.
आणि वर्ग मोडा म्हणू नका हो. 2020 मध्ये शाळा बंद झाली तेव्हा माझी निम्मी मुलं दिसेनाशी झाली. घरात मोबाइल एकच, तो वडिलांबरोबर कामावर. एका खोलीत सहा माणसं राहतात, तिथल्या मुलाला वही उघडायला शांत जागा कुठली? आमचा वर्गच.

ऐरोलीकर:
'मोडा' हा शब्द मागे घेतो, बाई. पण परीक्षेत 'श्वसनमुळे म्हणजे काय' एवढंच विचारणार असतील, तर 35 मुलंही उतरवूनच घेतील.

घणसोलीची आई:
खाडी नंतर बघू. माझ्या आठवीतल्या मुलाला भागाकार येत नाही. क्लास लावला, तिथेही फळा आणि उतरवणं, वर फी. तुझं नेमकं कुठे अडतंय, हे त्याला आजवर कुणी विचारलेलं नाही.

कोपरीच्या बाई:
ताई, तो बहुतेक तिसरी-चौथीतच अडलाय. आठवीच्या शिक्षकाला आठवीचा अभ्यासक्रम संपवायचा असतो, मागे जायला तासिकाच नसते. मी शनिवारी शाळा सुटल्यावर अशी नऊ मुलं घेऊन बसते. चिंचोक्यांचे सारखे वाटे करायला लावते, आकडे त्यानंतर. चौघांना जमलंय. तुमच्या मुलाला हातचा समजतो का, की वजाबाकीतच गोंधळतो? तेवढं बघून सांगा.