अडीच वर्षांचा मुलगा आणि घरात प्रत्येकाचा वेगळा नियम : मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही बेळगावात, शहापूर भागात राहतो. एकत्र कुटुंब आहे. सासू-सासरे, मोठे दीर-जाऊबाई, त्यांची शाळेत जाणारी मुलगी आणि आम्ही तिघं. नवरा उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे, त्याच्या शिफ्ट बदलत असतात. मी एका दुकानाचे हिशेब बघते, संध्याकाळी साडेपाचपर्यंत घरी येते. दिवसभर मुलगा सासूबाईंजवळ असतो. त्यांच्या भरवशावरच मी नोकरी करू शकते, हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना नावं ठेवू नयेत.

मुलगा अडीच वर्षांचा. हुशार आहे, प्रेमळ आहे. पण हल्ली मनासारखं झालं नाही की हातातली वस्तू फेकतो, समोरच्याला फटका मारतो, नाहीतर जमिनीवर अंग टाकून देतो. मार बहुतेक सासूबाईंनाच बसतो, त्याच दिवसभर समोर असतात. या वयात असं होतं हे मला माहीत आहे. माझी अडचण जरा वेगळी आहे. त्यानं मारलं की सासूबाई त्याला उचलून घेतात आणि रडू थांबावं म्हणून तोंडात काहीतरी गोड घालतात. सासरे हसून म्हणतात, ‘बघ, कसा पैलवान झालाय!’ दीर ‘पोलिसाला बोलावू काय?’ म्हणून दरडावतात. नवरा रात्रपाळी करून आलेला असला तर एखादी चापट देतो, नाहीतर लक्षच देत नाही. मी समजावत बसते. म्हणजे एकाच गोष्टीला त्याला घरात पाच उत्तरं मिळतात. मग तो रोज नव्यानं करून बघतो, आज काय होतंय ते. यात मला त्याची चूक दिसत नाही.

दुसरं जेवणाचं. मोबाईल लावल्याशिवाय घास घेत नाही. पावसाळ्यात हे फार वाढलं. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, जूनमध्ये लागला की ऑगस्टपर्यंत पोरांना अंगणात सोडता येत नाही. घरात बसून करायचं काय, म्हणून हातात मोबाईल आला तो तसाच राहिला.

तिसरं भाषेचं. शेजारी कन्नड कुटुंब आहे, त्यांच्या मुलांबरोबर हा खेळतो. ‘मला नीर पाहिजे’, ‘ब्याडा (म्हणजे नको), मी नाही जेवत’ असं मिसळून बोलतो. बोलतो मात्र भरपूर, तीन-चार शब्द जोडून. एका नातेवाईक बाईंनी सांगितलं की दोन भाषांनी पोरगं गोंधळतं, म्हणूनच चिडतं, शेजारी पाठवणं बंद करा. ते मला पटत नाही, पण घरात आता तीच चर्चा चालू आहे.

मला मुख्य विचारायचंय ते हे : मोठ्या माणसांचं मन न दुखवता सगळ्यांना एका नियमावर कसं आणायचं? सून म्हणून मी बोलले की त्यातून भलतेच अर्थ निघतात. ज्यांनी एकत्र घरात लहान मुलं वाढवली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

टिळकवाडी

जेवणाच्या मोबाईलबद्दल अनुभव सांगते. फक्त मुलाचा मोबाईल काढून चालत नाही. जेवताना ताटाजवळ कुणाचाच फोन नाही, टीव्ही बंद, असं केलं तरच जमतं. पहिले काही दिवस आमची मुलगी दोन घास खाऊन उठायची. सासूबाईंचा जीव तुटायचा. डॉक्टरांनी वजनाचा तक्ता बघून धीर दिला की भूक लागली की खाईल. खाल्लंन. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलेलं प्रमाण असं आहे : दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीनं. जेवताना आणि झोपायच्या आधीचा तास अजिबात नाही. हे सुनेनं सांगण्यापेक्षा डॉक्टरांकडून आजीला ऐकवा. पुढच्या लशीच्या वेळी त्यांनाच बरोबर न्या.

खानापूरची बाई

पोरी, मी अंगणवाडीत सेविका होते, आता घरी असते. तुझं निदान बरोबर आहे. पोरगं वाईट नाही, घरातले नियम ठरलेले नाहीत.

नियम थोडेच ठेव. आमच्याकडे एवढ्या पोरांत तीनच चालायचे : मारायचं नाही, फेकायचं नाही, दाराबाहेर एकट्यानं जायचं नाही. बाकी सांडलं, पसरलं, कपडे भिजवले, याला नियम लावायचा नाही. दहा नियम केले तर आजोबा आठ विसरतात आणि पोराला ते कळतं.

प्रत्येक नियमाला सगळ्यांनी एकच वाक्य म्हणायचं. त्यानं हात उगारला की तो हळूच धरायचा, त्याच्या उंचीला खाली बसायचं आणि म्हणायचं, ‘मारायचं नाही. आजीला लागतं.’ बस्स. भाषण नको. रडत असताना या वयाच्या पोराच्या डोक्यात लांबलचक समजावणं शिरतच नाही. स्वतःला आवरायची ताकद मेंदूत अजून तयार होत असते, ती यायला वर्षं लागतात. रडू दे, जवळ बस, मागितलेली वस्तू मात्र त्या रडण्यावर द्यायची नाही. शांत झाला की पोटाशी घ्यायचं. आजीनं जवळ घेणं मुळीच चूक नाही, ते तर हवंच. फक्त त्यासोबतचा गोड घास थांबव.

पोलिसाची भीती बंद कर. उद्या गर्दीत पोरगं चुकलं तर पोलिसाकडेच जायला पाहिजे, त्याला बघून लपायला नको.

आता सासूबाईंचं. तू नियम करू नकोस, त्यांनाच ठरवायला सांग. संध्याकाळी चहाला सगळे बसले असताना विचार, ‘आई, दिवसभर तुम्हीच सांभाळता, कोणत्या दोन-तीन गोष्टी त्यानं अजिबात करू नयेत असं तुम्हाला वाटतं?’ मार त्यांनाच बसतोय, त्या बरोबर तेच सांगतील. नियम आजीचा म्हटला की आजोबा, दीर सगळे पाळतात. माझ्या पाहण्यात हे अनेक घरांत जमलं आहे.

आणि पोराला काम दे. पावसात कोंडलेलं पोरगं फेकणारच, हातांना काहीतरी हवं असतं. कोथिंबीर निवडू दे, कणकेचा गोळा दे, छोट्या तांब्यानं एका पातेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतू दे, वाळलेल्या कपड्यांतले मोजे जोडीनं लावू दे. भुईमुगाच्या शेंगा आणि वाटाणे तेवढे हातात देऊ नकोस, एवढ्याशा मुलांच्या घशात दाणा अडकतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या पाड्यांवर नेलं, तेव्हा महागडी खेळणी कुठली? पानं, शिंपले, बिया, खडे यांवरच पोरं शिकली. आमच्या प्रशिक्षणात हे शिकवलं होतं आणि मी आयुष्यभर तेच वापरलं. दिवाळीत किल्ला करताना याला चिखल कालवायला बसव, तासभर हलणार नाही.

काम झालं की नुसतं ‘शहाणा’ म्हणू नकोस. ‘सगळे मोजे तू लावलेस’ असं, जे केलं त्याचं नाव घेऊन सांग.

निपाणी-चिकोडी

भाषेबद्दल. आमच्या घरात मराठी, गल्लीत कन्नड, दोन्ही मुलं अशीच वाढली. दोन भाषांमुळे बोलणं मागे पडत नाही, की स्वभाव चिडका होत नाही. या वयात भाषा मिसळणं नेहमीचंच, पुढे कुणाशी काय बोलायचं ते मुलं आपोआप वेगळं करतात. किती शब्द येतात ते मोजायचं असेल तर दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत. शेजारी जाणं मुळीच बंद करू नका. २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकात पहिली ते दहावी कन्नड शिकायचंच आहे, ते खेळता खेळता येतंय तर चांगलंच आहे. मराठी घट्ट राहावी म्हणून आजीच्या गोष्टी, ओव्या, जात्यावरची गाणी यांचा मारा वाढवा. ‘नीर पाहिजे’ म्हणाला तर चूक काढू नका, ‘पाणी पाहिजे? हे घे पाणी’ म्हणा.

काळजी कधी करायची तेही सांगतो. दोन वर्षं उलटूनही मूल दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल किंवा येत असलेले शब्द गमावत असेल तर थांबू नये, आधी कान तपासून घ्यावेत. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासणीला येतं, तिथेही दाखवता येतं. तुमच्या वर्णनावरून तुमचा मुलगा छान बोलतोय.

वडगाव

एवढं कशाला? आम्ही फटके खाऊनच मोठे झालो. एखाद्या चापटीनं काही बिघडत नाही.

खानापूरची बाई

बिघडतं, भाऊ. ‘मारायचं नाही’ हे मारूनच सांगितलं तर पोरगं एवढंच शिकतं की मोठ्यानं लहानाला मारायला हरकत नाही. ते आजीला मारतंय, ते कुठेतरी बघूनच ना? रात्रपाळीहून आलेल्या बापाची दमणूक मला समजते. त्या वेळी त्यानं पोराला आवरायला जाऊच नये, घरात बाकीची माणसं आहेत की. तोंड धुऊन, चहा घेऊन मग त्याच्याशी खेळावं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बाईंनी सांगितल्याप्रमाणे सासूबाईंना विचारलं. त्यांनी क्षणभरही विचार न करता ‘मारणं आणि ताट फेकणं’ असं सांगितलं आणि सासऱ्यांकडे बघून म्हणाल्या, ‘तुम्ही हसायचं नाही.’ मला एक शब्द बोलावा लागला नाही! दिरांनी पोलीस बंद केला आहे. मार थोडा कमी झालाय, फेकणं अजून तेवढंच आहे. जेवणाचं आत्ताच सुरू केलं आहे, आज अर्धी भाकरी आणि डाळ मोबाईलशिवाय खाल्ली.

एक अजून विचारते. नवऱ्याची दुसरी शिफ्ट असली की मुलगा बाबा येईपर्यंत जागा राहतो, अकरा वाजतात, आणि दुसरा दिवस सगळा चिडचिडीत जातो. दुपारी मात्र पाचपर्यंत झोपतो. काय करू?

खानापूरची बाई

दुपारचीच झोप रात्र खाते आहे. या वयात दुपार धरून दिवसाला साधारण अकरा ते चौदा तास झोप लागते. जेवण झालं की लगेच निजव आणि साडेतीनच्या पुढे झोपू देऊ नकोस, हळूहळू पंधरा-पंधरा मिनिटं आधी उठवत ये. रात्री नऊला दिवा मंद, एक गोष्ट, आजीची कूस. बाबांची भेट सकाळी ठेव. दुसरी शिफ्ट करणारा माणूस सकाळी घरी असतो, तेव्हा पोराची आंघोळ आणि न्याहारी त्याच्याकडे दे. पोराला रात्रीच सांगून ठेव, ‘उठलास की बाबा आंघोळ घालणार.’ आणि ते रोज तसंच व्हायला हवं, एकदा चुकलं तर दुसऱ्या रात्री पुन्हा वाट बघत बसेल. फेकण्याचं काय झालं ते पंधरा दिवसांनी इथंच लिही.