शब्दचर्चा : एमआरआयमधल्या ‘फँटम’ला मराठीत काय म्हणावं?

एमआरआय तंत्रज्ञांसाठी मराठीत टिपणं लिहिते आहे आणि ‘फँटम’पाशी अडले आहे. कोश उघडला की भूत, छाया, आभास. आमचा फँटम हातात घेता येतो, चांगला जड असतो. माणसाऐवजी यंत्रात ठेवून यंत्रच तपासायचं, ती ही वस्तू.

मेंदूच्या स्पेक्ट्रोस्कोपीचा, म्हणजे एमआरआय यंत्राने मेंदूतली रसायनं मोजायच्या तपासणीचा, फँटम म्हणजे एक पारदर्शक गोळा. आतलं द्रावण दिसतं पाण्यासारखं, पण मोजूनमापून केलेलं. एका रूढ कृतीत मेंदूत सापडणारी रसायनं अशी : लिटरमागे एनएए (एन-असिटिल अ‍ॅस्पार्टेट) १२.५ मिलिमोल, क्रिएटिन १०, कोलीन ३, लॅक्टेट ५, पीएच ७.२, आणि जंतू धरू नयेत म्हणून सोडियम अझाइड. उत्तर आधीच ठाऊक असतं, यंत्र तेच देतं का ते बघायचं. मेंदूतल्या गाठीत कोलीन वाढलंय की यंत्रच सरकलंय, हे एरवी कळणार कसं? म्हणून या शब्दाची मला एवढी काळजी.

‘आभासी’ नको, तो तुटलेल्या हातापायाच्या वेदनेसाठी लागतो. ‘प्रतिकृती’ही नको, कारण गोळा डोक्यासारखा दिसावा अशी अपेक्षाच नसते.

प्रतिसाद : ‘कसोटीगोळा’ कसा वाटतो? आमच्या आजोळी सराफी होती. दागिना काळ्या दगडावर घासायचा, शेजारी ठाऊक कसाच्या सोन्याच्या काडीची रेघ ओढायची आणि दोन्ही रेघा ताडून बघायच्या.

मूळ लेखिका : तुमच्या आठवणीनेच माझा घोळ सुटला. कसोटी म्हणजे तो दगड, आणि दगडाच्या जागी इथे यंत्र आहे. फँटम म्हणजे ती ठाऊक कसाची काडी! शिवाय सगळे फँटम गोळे नसतात. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीचा नळकांड्यासारखा असतो, आत निकेल क्लोराइड आणि मीठ.

प्रतिसाद : मग तागडीकडे वळा. सरकारी शिक्क्याचं ते ‘प्रमाण’ वजन, आणि त्याने उघडा पडतो तो ‘पासंग’. आपण ‘पासंगालाही पुरणार नाही’ एवढ्यापुरताच तो शब्द उरवलाय. पारडी समान न राहण्याचा फरक म्हणजे पासंग, आणि तो भरून काढायला बांधलेलं वजनही पासंगच.

मूळ लेखिका : पासंग! हाच हवा होता. तागडीचा पासंग ती रिकामी असतानाही दिसतो. एमआरआय रिकामा ठेवला तर संकेत म्हणून नुसता गोंगाट हाती येतो, त्यात काहीतरी ठेवावंच लागतं. म्हणून यंत्राच्या फरकाला ‘पासंग’ आणि आत ठेवायच्या वस्तूला ‘प्रमाणघट’ म्हणते. घटात द्रावण असतं, आणि आत काही घडतही असू शकतं. हायपरपोलराइज्ड (म्हणजे संकेत तात्पुरता कैक पटींनी वाढवलेल्या) कार्बन-१३च्या तपासणीसाठी असे फँटम करतात, ज्यात पायरुव्हेट या रसायनाचं लॅक्टेट होताना मोजायचं असतं. हा बदल घडवणारं एंझाइम आणि त्याला लागणारं एनएडीएच हे रसायन आधीच भरून ठेवायचं, पायरुव्हेट ऐनवेळी सोडायचं. संकेत दोन-तीन मिनिटांत विझतो, सगळी मोजणी तेवढ्यात.

प्रतिसाद : पण तंत्रज्ञ ‘फँटम लावला का?’ असंच विचारणार.

मूळ लेखिका : विचारू देत, मीही तेच म्हणते. टिपणात पहिल्यांदा ‘फँटम, म्हणजे प्रमाणघट’ आणि पुढे दोन्ही. कृतीची वाक्यं अशी झाली आहेत :

‘घट आदल्या रात्रीच यंत्राच्या खोलीत आणून ठेवावा. तापमान एक अंश बदललं की आलेखातलं पाण्याचं शिखर ०.०१ पीपीएमने (पीपीएम म्हणजे दहा लाखांतला एक भाग) सरकतं. वरचा बुडबुडा मोजणीच्या चौकटीपासून लांब ठेवावा. द्रावण हलायचं थांबलं की मग पासंग पाहावा.’